मैलूरच्या विहाराची उघडी भिंत

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, लेकाजवळ नाही, आणि ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हालाच कामून सांगायलोय? तुम्ही मैलूरचे नाही म्हणून असेल. ती भिंत उघडी असताना तुम्ही पाहिलेली नाही म्हणूनही असेल.

आधी माणिकचं सांगतो. बिदरच्या मैलूर भागात आमची घरं पाठीला पाठ लागून. दोघांचेही बाप जांभ्याच्या खाणीवर. जांभा म्हणजे आमच्याकडचा लाल, भोकाभोकांचा दगड — खाणीतून निघतो तेव्हा मऊ, सहज तासता येतो, आणि हवा खाईल तसा टणक होत जातो. धर्मांतरानंतर वस्तीत शिकायचं वारं शिरलं. मी मास्तर झालो. आणि माणिक मुंबईला जाऊन आर्किटेक्ट झाला. हा शब्दच कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. त्याची माय सांगायची, पोरगं घरं लिहायला शिकलंय.

सुट्टीला आला की तो जाडजाड मासिकं आणायचा. पंजाबात अख्खं नवं शहर उभं राहायलंय म्हणायचा, तिथल्या काँक्रीटवर गिलावाच नाही, साच्याच्या फळ्यांच्या रेघा तशाच ठेवल्यात. मिस्त्री मध्येच पळून गेला असेल, असं मी म्हणलो. तो हसला नाही. नव्या बांधकामाचं म्हणणं एवढंच, तो सांगायचा — जे जसं आहे ते तसं दिसू द्यायचं. दगड असेल तर दगड दिसावा. खांब भार उचलत असेल तरच खांब. आत माणसं काय करणार ते आधी बघायचं, बाहेरचं रूप त्यातून येतं. मला आधी ती पुस्तकी बडबड वाटायची. पण तो समजावायला लागला की ऐकत राहावं वाटायचं, हेही खरं.

मग वस्तीनं विहार बांधायचा ठरवला. सकाळी वंदना, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, एरवी लग्नं-बैठका. नकाशा माणिकचा, कमिटीचा सेक्रेटरी मी. म्हाताऱ्यांना घुमट पाहिजे होता, दारावर सिमेंटची कमळं पाहिजे होती. माणिकनं कुणाचं मन न दुखवता एकेकाला किल्ल्यावर नेलं. तो लाल तट दाखवला आणि विचारलं, "ह्याला गिलावा न्हाई म्हणून कुणी नावं ठेवतंय का? आपल्या बापाच्या हातचा दगड हाय अप्पा. झाकायचा कामून?" म्हाताऱ्यांनी घुमटाचा नाद सोडला. मी तर त्या दिवसापासून त्याचा भक्तच झालो म्हणा.

आणि काय बांधलं हो त्यानं! घुमट नाही, कमळ नाही. सपाट स्लॅब, खाली जांभ्याच्या उघड्या भिंती, दगडादगडातली दरज अशी सरळ की बोट फिरवत जावं. पश्चिमेला खोल व्हरांडा, म्हणजे ऊन बाहेरच अडायचं. व्हरांड्यामागची सगळी भिंत जाळीची — एक दगड बसवायचा, एका दगडाची जागा मोकळी सोडायची. वारा जाळीतून आत यायचा, गरम हवा समोरच्या भिंतीत स्लॅबखाली ठेवलेल्या फटींतून निघून जायची. वैशाखात दुपारी आमच्या पत्र्याच्या घरांत जीव नकोसा व्हायचा, आणि तिथं बाया लेकरांना मांडीवर घेऊन निवांत झोपायच्या. संध्याकाळी उन्हाचे चौकोन मूर्तीपर्यंत सरकत यायचे. मी शाळेतून थेट तिथंच जायचो, उगीच बसायला. आजही डोळे मिटले की ती जागा मला दिसते.

इतकं कळत होतं मला. म्हणून तर —

थांबा. गिलाव्याचं सांगायचं राहिलं. आमच्या वस्तीत उघडा दगड म्हणजे काय, हे तुम्हाला कसं कळावं? ज्या घरात नोकरी आली त्या घराला गिलावा आला, असा हिशोब. तोही फक्त रस्त्याकडच्या भिंतीला. बाकीच्या तीन उघड्याच राहायच्या, त्या कोण बघतंय? मला नोकरी लागल्यावर मीही तेच केलं होतं. पाहुण्यांना समोरूनच आत घ्यायचो आणि मागच्या अंगणात कुणी जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचो. माणिकची भिंत मला आवडायची, अगदी मनापासून. पण ही लाज त्याच्याही आधीची होती.

उद्घाटनाला मी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना बोलावलं. भला माणूस. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होते, आणि त्यांना मी आणलं याचा मला केवढा ताठा. वस्ती धुऊन-पुसून ठेवलेली, बाया पांढऱ्या लुगड्यांत. माणिक इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी उभा. हेडमास्तरांनी वर पाहिलं, भिंतीवर हात फिरवला, आणि मायेनंच विचारलं, "छान झालंय हो. गिलावा राहिलाय वाटतं?"

त्यात टोमणा नव्हता. कुणी माझी मान धरली नव्हती. नाही सर, हे असंच आहे, ह्यानं असंच बांधलंय — एवढंच म्हणायचं होतं. सगळं पाठ होतं मला. किल्ल्याचा तट होता, बाप होता, पंजाबातलं शहर होतं. आणि मी काय म्हणालो?

"व्हय सर. राहिलाय."

माणिक हाताच्या अंतरावर होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं.

पुढचं आपोआप झालं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. हेडमास्तरांनी भाषणातच जाहीर केलं, वस्तीचं हे अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला सिमेंटचं परमिट मी मिळवून देतो. केवढ्या टाळ्या पडल्या. कमिटीतले म्हातारे माणिककडे बघायलेत, माणिक माझ्याकडे. त्या वेळीही उठता आलं असतं मला. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या असतील.

परमिट हातात यायला वर्ष गेलं. तेव्हा म्हाताऱ्यांनी मला विचारलं, मास्तर, माणिक तर असंच ठेवायचं म्हणायचा की? मी म्हणालो, त्याचंही तसं काही म्हणणं नाही. दुसरं खोटं. पहिल्यासारखं तोंडातून निसटलेलं नाही — जाणून-बुजून बोललेलं. माणिक तोवर गुलबर्ग्याला गेला होता. परत कधी मैलूरच्या कामात पडला नाही, आणि मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बऱ्याच वर्षांनी गुलबर्ग्याच्या स्टँडवर भेटला. केस पांढरे झालेले, सरकारी कामं करायलाय म्हणाला. शाळा, दवाखाने, सगळी गिलाव्याची, कमानी लावलेली. लोकांना तेच आवडतं म्हणाला, साध्या आवाजात. मला चहा पाजला. माझ्या लेकराबाळांची विचारपूस केली. गाडी लागली तसं उठता उठता एवढंच म्हणाला, "जाळीतनं वारा येतो का रे अजून?"

मी म्हणलो, "व्हय. लई येतो."

त्याचा चेहरा कसा उजळला, काय सांगू. मग असू दे, म्हणाला, भिंतीचं काय, वारा येतो तर. माझा हात दाबला आणि गाडीत चढला.

जाळी आम्ही गिलाव्याबरोबरच बुजवली होती. गिलाव्याचा मिस्त्री म्हणाला, भोकांभोवती काम सफाईदार दिसत नाही, काय करू? सेक्रेटरी मी होतो. मीच म्हणालो, बुजव. आता वैशाखात तिथं पोरं अभ्यासाला बसतात तेव्हा पुठ्ठ्यानं वारा घेतात, आणि बाया आपल्या घरीच झोपतात.