मडक्यातलं इन्सुलिन

लाइट जाण्याची तयारी कशी करायची, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण शिकवणारा घरातच आला, आणि तोही सासरा, म्हटल्यावर माझं तोंड बंद व्हायला हवं होतं. झालं नाही.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं आम्ही दुबईजवळ उम्म अल कुवैनला राहायचो. नवरा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर, दोन मुलं शाळेत. सासूबाई गेल्यावर सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आले, व्हिजिट व्हिसावर, आणि तेही नेमके ऑगस्टात! मी त्यांना मामा म्हणायची. सोलापूरकडचे रिटायर्ड मास्तर, शुद्ध शाकाहारी, आणि डायबेटिस. मुक्कामभर पुरेल एवढं इन्सुलिन थर्मासात घालून मांडीवर धरून आणलं होतं. विमानात कुणाला हात लावू दिला नव्हता.

ते आले आणि आठवड्याच्या आत आमच्या भागातली लाइट जायला लागली. जाणं म्हणजे किती? पहिल्याच खेपेला सकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एसी बंद. पंप बंद, म्हणून टाकीत पाणी चढेना, आणि टाकीत उरलेलं पाणी इतकं तापलेलं की हात धुतला तरी भाजावा. नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, कधी येणार विचारलं तर "इन्शाल्ला, मॅडम." अरे बाबा, इन्शाल्ला काय? वेळ सांग! फ्रीजमधलं दूध, मासे, भिजवलेलं पीठ, सगळं खलास. मामांच्या बाटल्या तेवढ्या बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात बसवून मी वाचवल्या.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. नवऱ्याने आधीच चार इमर्जन्सी लाइट आणून ठेवले होते. चार! अंधाराची कुणाची तक्रार होती? माणसं घामाने विरघळत होती आणि हा बाबा उजेडाची सोय करून आला होता. मी पाण्याचे ड्रम भरून ठेवले, आणि इन्सुलिनसाठी साधा उपाय सांगितला. मासळी बाजारात रोज सकाळी बर्फ मिळतो. पिकनिकच्या थंड डब्यात बर्फ भरायचा, बाटल्या टॉवेलात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घालायच्या आणि तो डबा बर्फावर ठेवायचा. मी मालवणची. बर्फावर वस्तू कशी टिकवायची हे मला झोपेत विचारा.

"माझं औषध मासळीच्या बर्फात?" मामा म्हणाले.

"अहो मामा, बर्फ तो बर्फ!"

"नको. मडकं आणा. गावाला बारा-बारा तास भारनियमन असतं. माझं औषध मडक्यातच असतं तिकडे, काही होत नाही."

मग मडकं आलं. पंधरा दिरहम. "म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये!" मामा हबकले, पण मागे हटले नाहीत. तळाशी ओली वाळू, वाळूत डबी, डबीत बाटल्या, वरून झाकणी आणि भोवती ओलं फडकं. मांडणी झकास होती, नाही म्हणत नाही. पण मला राहवेना.

"मामा, तुमच्याकडची हवा कोरडी. फडकं वाळतं म्हणून मडकं गार होतं. इथे हवेतच पाणी आहे. फडकं वाळणारच नाही, तर गार कसं होणार?"

मामांनी चष्मा काढला. "सूनबाई, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बाष्पीभवन मला तू शिकवणार?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो इमर्जन्सी लाइटचं बटण चालू-बंद करत होता. "दोघांचंही बरोबर आहे," म्हणाला. डोकंच फिरलं माझं.

पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी लाइट जायची ती अंधार पडेपर्यंत यायची नाही. खिडक्या उघडल्या की गरम वाफ अंगावर. मुलं फरशीवर पडून "आजोबा, इट्स टू हॉट, डू समथिंग" म्हणून किरकिर करायची. त्यांच्या त्या भरभर इंग्रजीतलं मामांना 'आजोबा' तेवढं कळायचं. ते रद्दी पेपरने दोघांना वारा घालत बसायचे. आणि मी? सकाळी गुंडाळलेलं फडकं संध्याकाळीही तसंच ओलंगच्च दिसलं की मी कशी गप्प बसणार?

"काय मामा, वाळलं का फडकं?"

रोज विचारायची. चहा देताना विचारायची, केर काढताना विचारायची. शेजारीण आली तर तिच्यासमोरही विचारलं. पोरंसुद्धा हसायला लागली. मामा फडकं सरळ करून ठेवायचे.

मग त्यांचं जेवण कमी झालं. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी. भात तर ताटात घेईनातच. माझा पारा चढला. ज्वारीचं पीठ पार दुबईतल्या अल मनखूलच्या दुकानातून आणवायचं, त्यांच्यासाठी वेगळी भांडी, वेगळी भाजी, त्या भट्टीसारख्या स्वयंपाकघरात भाकऱ्या बडवायच्या, आणि हे ताटावरून उठणार? माझ्या हातचं आवडत नाही तर तसं सांगा ना! नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या वडिलांना राग आलाय, मी मडक्याला हसले म्हणून. आता जेवणावर काढतायत." तो म्हणाला, "उन्हाने भूक मरते गं." दोघांनीही एकदा नीट चौकशी केली नाही.

एके दिवशी सकाळी बाथरूममधून बाहेर येता येता मामा भिंतीला धरून खाली बसले. जीभ कोरडी पडलेली, बोलणं अडखळत होतं. गाडीत घालून क्लिनिकला नेलं. डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून साखर पाहिली आणि ते गंभीरच झाले. सलाईन लावलं, तिथलंच इन्सुलिन दिलं. शुगर एवढी कशी वाढली, इन्सुलिन रोज घेताय ना, त्यांनी हिंदीत विचारलं. मामा घेत होते. एकही दिवस चुकला नव्हता. फक्त त्या औषधात दम उरला नव्हता.

"जेवण?" डॉक्टरांनी विचारलं.

मामा म्हणाले, "कम किया. शुगर बढ़े नहीं इसलिए."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. डॉक्टर बाहेर गेल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, "मामा, तुम्हाला माहीत होतं? मडकं गार होत नव्हतं, हे?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. आत हात घातला तर वाळू कोमट."

"मग बाटल्या परत फ्रीजमध्ये का नाही ठेवल्या? लाइट असेल तेवढा वेळ तरी राहिल्या असत्या! मला का नाही सांगितलं?"

त्यांनी सलाईनच्या नळीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "फ्रीज तू उघडतेस. तुला दिसलं असतं. आणि मग तू बोलली असतीस, 'मी सांगत होते' म्हणून."

माझ्या बोलण्याला भिऊन घरातला म्हातारा माणूस कित्येक दिवस अर्धपोटी राहिला होता, आणि वर भूक लागली असं कळूही दिलं नव्हतं. मला रडूच आलं. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी, ते बोलायचे थांबले त्या क्षणी, "मी सांगत होते ना, मामा" हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. आणि ते गिळायला मला किती जड गेलं, याचीच लाज मला अजून वाटते.