ते म्हणाले, तो म्हणाला

दहा मिनिटांच्या बातम्यांसाठी आमची रविवारची अख्खी सकाळ जायची आणि त्यातली निम्मी भांडणात. बातम्या दुसऱ्या दिवशी शिळ्या झाल्या, भांडणं मात्र अजून ताजी आहेत. चार मराठी माणसं जमली आणि निवडणुकीचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, "वृंदा, तुमच्या बेसमेंटचं सांग ना!" मग मी सांगते. शेवटचं तेवढं गाळते. आज तेही सांगते.

बेसमेंट सप्रे काकांचं, अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातलं. काका रिटायर्ड इंजिनिअर, इथे येऊन जन्म गेला. इंग्रजी चॅनेल्सवरचा आरडाओरडा ज्यांना झेपत नाही अशा आजी-आजोबांसाठी त्यांनी इंटरनेट रेडिओवर मराठी बातम्या सुरू केल्या. दर रविवारी अकरा वाजता, लाइव्ह. संपादक काका. वाचायला कधी ते, कधी मी. बातम्या मराठीत लिहायला आणि आवाजाच्या मशिनवर बसायला निशिकांत. हा नागपूरचा, आयटीतला, व्हिसावर आलेला. काकांना मत होतं आणि ते 'त्या' उमेदवाराला जाणार होतं. निशिकांतला मत नव्हतं, पण मतं भरपूर होती!

'तो' उमेदवार कोण, ते सांगत नाही. नाव घेतलं की अर्धे लोक ताटावरून उठतात, एवढं पुरे.

* * *

पहिलं भांडण 'तो' आणि 'ते' यावरून. निशिकांतने लिहून आणलं होतं, 'तो म्हणाला, मी जिंकलो तर...' आणि खाली, 'दुसरे उमेदवार म्हणाले...'

काकांनी कागद टेबलावर ठेवला. "एकाला अरे आणि एकाला अहो?"

"काका, इंग्रजीत दोघंही 'ही'च आहेत ना जी."

"मग इंग्रजीत वाच!"

खरी पंचाईतच होती. इंग्रजीत 'ही' म्हटलं की सुटलो. मराठीत तोंड उघडलं की आपण कुणाच्या बाजूचे ते कळतं. शेवटी काकांनी नियम केला, मत मागणारा प्रत्येक जण 'ते'. कुणी कितीही आवडो, नावडो.

पुढच्याच रविवारी एका आजींचा फोन आला. "त्या मेल्याला अहोजाहो? काय, व्याही लागतो का तुमचा?"

* * *

मग क्रियापदांची पाळी आली. निशिकांतने एकदा लिहिलं, 'उमेदवारांनी सभेत गरळ ओकली.'

"डॉक्टरला दाखवलं का त्यांना?" काकांनी विचारलं आणि वाक्य खोडलं.

पण काकाही काही कमी नव्हते. त्यांनी स्वतः लिहिलेल्या बातमीत आपले उमेदवार 'म्हणाले' आणि समोरचे 'कबूल करते झाले'! निशिकांत उसळला. "कबूल करायला ते काय पिंजऱ्यात उभे होते?"

तह असा झाला की सगळ्यांनी फक्त 'म्हणायचं'. दावा नाही, आरोप नाही, इशारा नाही. त्या रविवारी मी दहा मिनिटं नुसतं म्हणाले, म्हणाले, म्हणाले करत होते. बातम्या संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, "मुली, बातम्या होत्या की जप?"

* * *

आता सईबद्दल सांगायला हवं. सई म्हणजे काकांची एकुलती एक लेक. जन्मली इथेच, आणि एका इंग्रजी पेपरात बातमीदार. आता योगायोग म्हणा, तिच्याकडे नेमक्या त्याच उमेदवाराच्या सभा दिलेल्या!

एका जेवणाच्या वेळी मी तिथेच होते. काकांनी फोनवर तिची बातमी उघडून तिच्यापुढे धरली. "हे तू लिहितेस?"

"बाबा, डिड यू इव्हन रीड इट?"

"हेडिंग वाचलं."

"आय डोन्ट राइट द हेडलाइन्स! डेस्क लिहितं."

"मग त्या डेस्कला सांग, माझ्या बापाला लाज वाटते."

सई ताटावरून उठली ती थेट गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, आठ दिवसांत निवळेल. तीन महिने झाले तरी बापलेकीचा फोन नाही. दोघांमध्ये काकू. "बाबांना सांग, गोळ्या घ्या" आणि "तिला सांग, थंडी आहे" एवढंच इकडून तिकडे. काकू एकदा जिन्यावर मला म्हणाल्या, "माझंच एक बुलेटिन झालंय गं." आणि रडायला लागल्या. मला काकांचा असा राग आला होता की त्या दिवशी मी चहासुद्धा घेतला नाही.

* * *

ऑक्टोबरातला एक रविवार. मुख्य बातमी अशी, की काकांचे उमेदवार म्हणाले, मी निवडून आलो की व्हिसावरच्या लोकांना परत पाठवणार.

वाचायची पाळी काकांची. समोर काचेपलीकडे मशिनवर निशिकांत, कानाला हेडफोन. आदल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं होतं, "ताई, शेवटी आपली नावं घेता, त्यातलं माझं गाळता येईल का? ऑफिसात उगाच कटकट नको." मी हो म्हटलं होतं आणि काकांना काही सांगितलं नव्हतं.

काकांनी सुरुवात जोरात केली. 'व्हिसावरच्या' या शब्दाशी नजर वर गेली, निशिकांतच्या नजरेला भिडली आणि आवाज इतका खाली गेला की मलाच ऐकू येईना. लाइव्ह होतं. चार-पाच सेकंद नुसती शांतता. कागद माझ्याकडे द्या, अशी मी खूण केली. काकांनी पाहिलीच नाही.

निशिकांतने काचेवर टकटक केलं आणि माइकचं बटण वर सरकवलं. हाताने खूण केली, वाचा.

काकांनी पूर्ण बातमी वाचली. बाहेर आल्यावर निशिकांत एवढंच म्हणाला, "काका, आवाज पडला होता, मी चढवून घेतला." त्यानंतर उमेदवाराच्या बातम्या काका मलाच वाचायला द्यायला लागले.

* * *

निवडणुकीला दहा-बारा दिवस होते. त्याच उमेदवाराची सभा, आमच्यापासून दोन तासांवर. काका निघाले, हौसेने टोपीबिपी घालून. "पेपरवाले सोयीचं तेवढं कापून दाखवतात," ते म्हणाले. "मी फोनवर पूर्ण आवाज आणतो. एक सेकंद कापायचा नाही." शनिवारी संध्याकाळी त्यांनी रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत एक शब्द नाही.

रविवारी सकाळी मी लवकर जाऊन ऐकलं. उमेदवाराचा आवाज: मागे वळून बघा, ते बसलेत खोटारडे! मग हजारो लोकांचं हूऽऽ. पत्रकारांना तिथे कठड्याच्या आत उभं करतात, सगळी गर्दी त्यांच्याकडे वळलेली. आणि फोनच्या अगदी जवळ, सगळ्यांत मोठ्याने, मराठीत, "लाज नाही वाटत? चालते व्हा इथून!"

सप्रे काका.

पुन्हा तोच आवाज, "लाज नाही—" आणि मध्येच तुटला. मग हळू, "सई?" कसलीशी बाटली कठड्यावर आपटल्याचा आवाज. मग "एक्सक्यूज मी. माय डॉटर. एक्सक्यूज मी, दॅट्स माय डॉटर." पाच-सहा वेळा. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "स्टेप बॅक, सर." रेकॉर्डिंग संपलं.

मी तशीच उठले. वर स्वयंपाकघरात गेले. काकूंनी सांगितलं, सईला लागलं नाही, पण तिने सगळं ऐकलं. एवढ्या गर्दीत मराठीत ओरडणारा एकच. आणि दर रविवारी ती आमच्या बातम्या ऐकते, हेही काकूंनी मला तेव्हाच सांगितलं. काकांना ते माहीत नव्हतं.

मी खाली आले आणि निशिकांतला म्हटलं, "हे कापायचं." त्याने मान डोलावली, आणि मी घाईघाईने दोन ओळी लिहिल्या: 'सभेत पत्रकारांविरुद्ध घोषणा झाल्या. गर्दीतले एक ज्येष्ठ नागरिक मराठीतून ओरडले.'

काका कधी येऊन मागे उभे राहिले कळलंच नाही. रात्रभर झोप झालेली दिसत नव्हती. त्यांनी कागद वाचला, खिशातलं पेन काढलं, काहीतरी खोडलं, खाली आणखी लिहिलं.

"निशिकांत, आवाज पूर्ण लाव," ते म्हणाले. "आणि आज मी वाचतो."

अकरा वाजले. आधी रेकॉर्डिंग गेलं, सगळं, हसण्यासकट. मग काकांनी वाचलं:

"गर्दीतला एक म्हातारा मराठीतून ओरडला. त्याचं नाव अनंत सप्रे. बातमीदार सई सप्रे यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या आपलं काम करत राहिल्या."