तापी निवासचं सकाळचं दर्शन

मंदाकिनीबाई फिरके यांची तुळस कायम तेलाच्या पत्र्याच्या डब्यात असायची. नवरा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. बदलीचा कागद आला की आधी देव उतरायचे, मग भांडी, आणि सगळ्यांत शेवटी डबा उचलला की तुळस निघाली पुढच्या गावाला. भुसावळ, इटारसी, गंगापूर, कोटा, आणि अखेर जयपूर. मुरलीधरराव जयपूरला निवृत्त झाले तेव्हा सगळे धरून चालले होते की आता हे दोघं भुसावळला परतणार. पण बाईंनी शास्त्री नगरातल्या भाड्याच्या दुमजली घराच्या अंगणात खड्डा खणला, डबा फोडला आणि तुळस जमिनीत लावली. नवऱ्याला म्हणाल्या, "आता हिला हलवायची नाही."

पोटापाण्याला आणि मन रमवायला म्हणून वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या त्यांनी मराठी प्रवाशांसाठी काढल्या. नाव ठेवलं तापी निवास. आमेरचा किल्ला चढून आलेली, दोन दिवस दालबाटी खाऊन कंटाळलेली पुण्या-नाशिकची माणसं रात्री बाईंच्या पंक्तीला बसायची. समोर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आली की एखादी म्हातारी डोळे पुसायची. स्टेशनवरची जुनी ओळखीची माणसं प्रवासी पाठवायची, गेलेले प्रवासी शेजाऱ्यांना सांगायचे. पाटी सोडली तर जाहिरात म्हणून काही नव्हतंच.

पुढे माणसांची रीत बदलली. लोक गाडीतून उतरून विचारेनासे झाले. घरी कॉम्प्युटरपुढे बसूनच खोली ठरवून यायला लागले. तापी निवास तिथे कुठेच नव्हतं. एक अख्खा हिवाळा खोल्यांतल्या चादरी नुसत्या धुळीसाठी बदलल्या गेल्या. त्यातच घरमालक शर्माजी येऊन सांगून गेले की एक कोचिंगवाला मुलांच्या होस्टेलसाठी सगळं घर मागतो आहे. तुमची ओळख जुनी, म्हणून पुढच्या वर्षीच्या होळीपर्यंत थांबतो. पुढच्या तीन वर्षांचं लिहून द्या, नाहीतर घर मोकळं करा. नुसत्या पेन्शनीवर तीन वर्षांचं लिहून देणं शक्य नव्हतं. येता हिवाळा भरला तर घर राहणार, नाहीतर नाही, इतका साधा प्रश्न होता.

गच्चीवरच्या खोलीत संकल्प म्हणून साताऱ्याचा एक मुलगा राहायचा. एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि जेवायला खाली बाईंकडे. त्याने पावसाळ्यातच तापी निवासची वेबसाइट करून दिली. म्हणाला, काकू, नुसते खोल्यांचे फोटो टाकून कोणी येत नाही. तुम्ही पाहुण्यांना जे सांगता ना, कुठे जा, काय खा, ते मला सांगा. मग रोज संध्याकाळी बाई पोळ्या लाटत सांगायच्या आणि तो ओट्याशेजारी बसून टाइप करायचा. कानोत्याच्या धरणावर जायचं तर डबा घरून न्या. चाकसूला शीतला मातेची जत्रा होळीनंतर आठवड्याने भरते. त्या दिवशी गरम काही खायचं नाही, आदल्या दिवशीचा थंड स्वयंपाक देवीला दाखवायचा आणि तोच खायचा. गोवर-कांजिण्यांची ती देवी, तिला गार लागतं. बोलणं चाकसूवर आलं की बाईंचा हात पोळपाटावरच थांबायचा. चार वेळा देवीला जाऊन आल्या होत्या, शब्दाशब्दाला भाव होता.

"आता बघा," संकल्पने सांगितलं, "लोक येत राहिले, पान दाबून वाचत राहिले, की ते आपोआप वर सरकतं. पैसा लागत नाही. फक्त वेळ लागतो. सहा महिने, कदाचित वर्ष."

बाईंनी ते मनात पक्कं धरलं. लोकांनी दाबलं की वर जातं.

दसरा झाला तरी पान काही वर आलं नाही. मुरलीधररावांचा धीर सुटला. संकल्पने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की पैसे भरून जाहिरात लावली तर नाव त्याच दिवशी पहिलं दिसतं. तेच त्यांनी उचलून धरलं.

"अरे, मी आयुष्य रेल्वेत काढलं," ते म्हणाले. "पैसे भरले की रिझर्वेशन पक्कं. वेटिंगवर बसून राहायचं कोणी?"

"काका, वेटिंगचं एकदा कन्फर्म झालं ना, की ती सीट तुमची. जाहिरातीचं तिकीट रोज नव्याने काढावं लागतं. गाडीतून उतरलात की संपलं."

"होळीला शर्माजी येणार आहेत. तुझं वेटिंग तोवर होईल कन्फर्म?"

संकल्पने लॅपटॉप पुढे ओढला. त्याने आपल्या कार्डावर जाहिरात लावून दिली, मुरलीधररावांनी त्याला पैसे दिले. बाकीचंही त्याने नीट समजावलं: कोणी जाहिरात दाबली की दर वेळी पैसे कापले जातात, दिवसाची ठरलेली रक्कम संपली की त्या दिवसापुरती जाहिरात दिसेनाशी होते. त्या वेळी मंदाकिनीबाई आत दिवाळीच्या चकल्या तळत होत्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, काय ठरलं? मुरलीधरराव म्हणाले, "उद्यापासून आपण सगळ्यांत वर."

एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं, बाईमाणसाला याहून जास्त कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून, ओल्या हातांनीच बाई हॉलमधल्या कॉम्प्युटरपुढे आल्या. संकल्पने शिकवलेलं होतं तसं जयपूर आणि मराठी जेवण असं लिहिलं. पानाच्या माथ्यावर, फिक्या पिवळ्या पट्टीत, तापी निवास. बाईंना गलबलून आलं. गावोगाव डबा घेऊन फिरलेल्या बाईचं नाव असं सगळ्यांच्या वर. त्यांनी हात जोडले आणि ती पट्टी दाबली. देवळाच्या दारापर्यंत येऊन आत न जाता कोणी परत फिरतं का?

तेव्हापासून तो नेमच झाला. दिवा, गीतेचा अध्याय, आणि तापी निवासचं दर्शन. कधी एकदा दाबून समाधान व्हायचं नाही, मग पुन्हा. त्याच आठवड्यात संकल्पला कंपनीने गुडगावला पाठवलं, होळीपर्यंत. विचारायला घरात कोणी उरलं नाही, आणि विचारण्यासारखं काही आहे असं बाईंना वाटायचंही नाही. भुसावळला मोठ्या जाऊबाईंना, यमुनाबाईंना, त्यांनी फोन करून सांगितलं की तुमच्याकडे मुलांचा कॉम्प्युटर आहे, सगळ्यांना रोज सकाळी एकदा दाबायला लावा, आपलं नाव वर राहील. यमुनाबाईंनी ते व्रतासारखं घेतलं. सुना, नातवंडं, शेजारच्या बायका, सगळ्यांना कामाला लावलं.

प्रवाशांचे फोन मात्र येईनात. मुरलीधररावांनी एकदा संध्याकाळी बघितलं, तर नाव दिसेना. त्यांना वाटलं, कुणी मोठ्या हॉटेलवाल्याने जास्त पैसे ओतून आपल्याला खाली ढकललं. त्यांनी संकल्पला फोन करून रोजची रक्कम वाढवून घेतली. मुंबई-पुण्याची माणसं दुपारी ऑफिसात नाहीतर संध्याकाळी घरी बसून सहलीचा बेत करतात. तोपर्यंत तापी निवासची पट्टी पानावरून गेलेली असायची. हे सगळं पुढे कळलं. तेव्हा बाई एवढंच म्हणायच्या की सकाळी तर मी डोळ्यांनी बघते.

मग संक्रांत आली. जयपूरचं आभाळ पतंगांनी भरलं, गच्चीगच्चीवरून आरोळ्या. बाईंनी मराठी मंडळाच्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. वाण म्हणून स्टीलची वाटी, आणि वाटीत तिळगुळाबरोबर एक छापलेलं कार्ड: तापी निवास, खाली वेबसाइटचं नाव. प्रत्येकीच्या हातात वाण देताना बाई सांगत होत्या की मुलांना सांगा, रोज आंघोळ झाली की एकदा आपलं नाव शोधायचं आणि वरचं दाबायचं. तेवढंच माझं वाण समजा. रेल्वे कॉलनीतली एक थट्टेखोर बाई म्हणाली, "मंदाताई, तुमचा देव आता कॉम्प्युटरात राहायला गेला वाटतं." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. पण त्या बायका शब्दाच्या पक्क्या निघाल्या. वाण घेतलं होतं, दुसऱ्या दिवसापासून घराघरांत दाबणं सुरू झालं. सकाळच्या शाळेची मुलं घराबाहेर पडेपर्यंत तापी निवासचा त्या दिवसाचा पैसा संपलेला असायचा.

हिवाळा तसाच कोरडा गेला. खोल्यांमध्ये दोन कुटुंबं येऊन गेली, तीही स्टेशनवरच्या जुन्या ओळखीने.

होळीच्या आधी संकल्प परत आला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने जाहिरातीचा हिशेब काढला आणि दाबणाऱ्यांच्या गावांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"काकू," तो म्हणाला, "दाबणारे जवळजवळ सगळे जयपूरचे. मतलब, जयपूरमध्ये राहणारी माणसं जयपूरमध्येच खोली का शोधतील? आणि उरलेले सगळे भुसावळचे."

बाईंचा चेहरा उजळला. "अरे, ती आपलीच माणसं," त्या म्हणाल्या आणि कौतुकाने सगळं सांगितलं. नेम, यमुनाबाई, वाण. तूच म्हणाला होतास ना, लोकांनी दाबलं की वर जातं.

संकल्पने मान खाली घातली. बोलायचं मुरलीधररावांवर आलं.

"ते पानांचं होतं, मंदा. फुकटच्या पानांचं. जाहिरातीचं उलटं. दाबलं की पैसे जातात. दर वेळी."

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. हातातली पळी त्यांनी सावकाश भांड्यात ठेवली.

"म्हणजे रोज सकाळी तू..." मुरलीधरराव म्हणाले.

"हात जोडून," बाई म्हणाल्या. "रोज हात जोडून दाबलं हो मी."

मुरलीधररावांनी त्यांना एका शब्दानेही टोचलं नाही. चूक आपलीही आहे, नीट सांगायला हवं होतं, हे ते जाणून होते. पण त्यांचं ते गप्प राहणंच बाईंना सोसवेना. नवऱ्याने चार माणसांत ओरडावं, म्हणजे आपल्याला रडता तरी येईल, असं त्यांना वाटत राहिलं. रात्रीपर्यंत ओरडणं झालं नाही आणि रडणंही.

होळी झाली. शर्माजी आले, चहा घेतला, वाईट वाटलं म्हणाले आणि घर कोचिंगवाल्याला गेलं. बाईंनी अंगणात खुरपं नेलं, तुळशीभोवती माती उकरायला लागल्या. पण मुळं खोल गेली होती. तशीच ओढली असती तर तुटली असती. थोड्या मंजिऱ्या रुमालात बांधून घेतल्या आणि खुरपं तिथेच टेकवून ठेवलं. त्या वर्षी चाकसूच्या देवीलाही जाणं झालं नाही. जत्रेच्या दिवशी घरातलं सामान ट्रकमध्ये चढत होतं, आणि चूल तशीही पेटलेली नव्हती.

भुसावळला यमुनाबाईंनी मागची खोली दिली. मंजिऱ्या कुंडीत पेरल्या, त्या उगवल्या नाहीत. मुरलीधरराव सकाळी स्टेशनवर जाऊन बाकावर बसत, गाड्या बघत आणि जेवायला परत येत. बाई दिवा लावायच्या, पण देवाकडे मागणं बंद झालं होतं. काय मागायचं तेच सुचत नसे.

वर्ष गेलं. होळी होऊन दोन दिवस झाले असतील, बाईंचा मोबाइल वाजला. नंबर जयपूरचाच ठेवला होता, बदलायचा राहून गेला होता. पलीकडे डोंबिवलीची कोणी बाई.

"ताई, चाकसूच्या जत्रेचं तुम्हीच लिहिलंय ना? वाचून इतकं बरं वाटलं. आम्ही पाच जणी येतोय. तुमच्याकडेच उतरायचं ठरवलंय."

बाईंनी तिला सगळं सांगितलं. पहाटे निघा, उशीर झाला तर रांग लांब. थंड स्वयंपाक आदल्या संध्याकाळी करून ठेवा, गोड पुरी टिकते. डोंगरी चढताना लहान मुलं असतील तर पाणी जवळ असू द्या. बोलता बोलता आवाजात पूर्वीचा गोडवा आला. मग त्या बाईने खोलीचं विचारलं.

"खोल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "आहेत, पण आता आमच्या नाहीत."

त्या दिवशी आणखी दोन फोन आले, दुसऱ्या दिवशी आणखी. संध्याकाळी संकल्पने कळवलं की पान सगळ्यांत वर आलं आहे, पिवळ्या पट्टीशिवाय, आपोआप. मुरलीधरराव ऐकून इतकंच म्हणाले, "वेटिंग क्लिअर झालं म्हणायचं." आणि पायांत चपला सरकवून, वेळ नसताना, स्टेशनकडे गेले.

यमुनाबाईंना मात्र राहवेना. त्यांनी जावेला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं, नातवाचा कॉम्प्युटर चालू केला, नाव शोधलं. तापी निवास, सगळ्यांत वर. खाली ओळ होती: चाकसूच्या देवीला गार लागतं.

"दाब की, मंदा. याला पैसे पडत नाहीत म्हणाला ना तो मुलगा? उलट आणखी वर जाईल."

मंदाकिनीबाईंनी बोट पुढे केलं. ते माउसवर टेकलंही. मग त्यांनी हात मागे घेतला, पदरात गुंडाळला आणि तशाच बसून राहिल्या. शेवटी यमुनाबाईंनीच कॉम्प्युटर बंद केला.