शाकारणी नसलेली शहरं

नारळाच्या भिजवलेल्या चुडतांचा, झावळ्यांचा, वास आला की वडील आठवतात. ते परदेशी जहाजावर खलाशी होते आणि दर वैशाखात, पावसाआधी छपरावर नवी चुडतं घालून घर शाकारायला मालवणला यायचे. एका वर्षी मात्र कौलं घालून ती कटकट संपवायची, असं त्यांनी ठरवलं. घरापुढच्या खळ्यात बसून न्यूयॉर्क आणि शिकागोची चित्रं दाखवत, कुठले मनोरे जास्त झपाट्याने वाढताहेत ते सांगू लागले. "बांधणारे मजूर रवतत खंय?" मी कामगार संघटनेची पत्रकं वाचून आलेल्या तावात विचारलं. आई चुडत विणता विणता म्हणाली, "आणि तेंची शाकारणी कोण करता?" "थंय शाकारूचा लागणा नाय गो," वडील म्हणाले. "मगे थंयचे घोव बायलेकडे घराक कित्याक येतत?" आईने विचारलं. वडिलांनी चित्रं गोळा केली आणि चुडतं घेऊन छपरावर चढले. कौलांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मजुरांचा प्रश्न मी आजही सभांतून विचारतो, पण उंच इमारत दिसली की आधी आईचा, घोवांचाच आठवतो.