दुकान वाढवलं

माझ्या धाकट्या भावाची जोहान्सबर्गमधली गाड्यांच्या सुट्या भागांची कंपनी बुडाली आणि तिथल्या कोर्टाची कटकट थेट अमेरिकेत नोव्हायला, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. दिवाळं निघालं की तिकडे लिक्विडेटर नेमतात. उरलंसुरलं विकून ज्यांचं देणं आहे त्यांना वाटणारा माणूस. त्याच्या वकिलांनी भावाकडे धंद्याबद्दलचा कागद न् कागद, मेसेज न् मेसेज मागितला. भावाचा फोन कधीच बिघडलेला. मग राहिला माझा.

"ताई, सगळं देऊन टाक. काही लपवू नकोस," तो म्हणाला.

लपवायचं काय, कपाळ! आईचे गुडघे, माझ्या ऑफिसातलं राजकारण आणि मधेमधे त्याचं दुकान. कंपनी झाली तरी आम्ही दुकानच म्हणायचो. तरी परक्या माणसांनी ते वाचायचं म्हणजे मला फार लाज वाटली.

तिकडे आमच्या मेसेजेसचं इंग्लिश भाषांतर झालं आणि एक प्रत माझ्याकडे आली. लेकीने वाचलं. "आई, मामा एक्स्पांड करत होता? विथ नो मनी?"

मी बघितलं. दिवाळीत भावाने लिहिलं होतं, "ताई, आता दुकान वाढवलेलं बरं." भाषांतरात होतं, धंदा आणखी मोठा केलेला बरा.

मी भडकलेच. अरे शहाण्या, मराठी येतं का तुला? आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. दुकान बंद केलं म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून वाढवलं म्हणायचं. लेक म्हणाली, "सो यू से द अपोझिट?" हो बाई, उलटंच बोलतो आम्ही.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जवळ काही नसताना भावाने बेफिकिरीने धंदा केला असं ठरलं, तर कंपनीचं देणं त्याच्या अंगावर येणार होतं. राहतं घर जाणार होतं. म्हणून चौकशीच्या दिवशी मी व्हिडिओवर बसले आणि शपथेवर सांगितलं. बांगडी, नारळ, सगळं. समोरची वकीलबाई शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे बंद करावं, असंच त्याला म्हणायचं होतं? नक्की?"

"शंभर टक्के." मला वाटलं, जिंकले.

"मग हे चालणार नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. तरी पुढचे कित्येक महिने तो गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे का घेत होता?"

पलीकडच्या चौकटीत भाऊ खाली मान घालून बसला होता. एक मोठी ऑर्डर येईल, मग सगळ्यांचं फेडू, अशी त्याची आशा होती, हे त्याने मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी फोनवर मी रडले. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं.

"तू खरं तेच बोललीस, ताई," तो म्हणाला. "पण ते भाषांतर चुकीचं होतं तोवर मी नुसता मूर्ख होतो. आता लबाड झालो."

घर गेलं ते गेलंच. भावजय माझा फोन उचलत नाही. आणि उचलला तरी काय सांगू? अर्थ बरोबर सांगितला, हेच ना?