धुऱ्यावर बसलेल्या बाया

माझा मुलगा अमरावतीला शाळेत शिकवतो. सुट्टीत घरी आला तेव्हा त्यानं वर्तमानपत्रातली रशिया देशाची हकीकत वाचून दाखवली. तिथल्या लोकांनी राजा खाली ओढला, जमीनदारांच्या जमिनी वाटून घेतल्या. "माय, एवढी उलथापालथ कायच्यानं होत असन वं?" त्यानं विचारलं. रशिया मला ठाऊक नाही. पण मी नवी नवरी असताना आमच्या दर्यापूरकडच्या गावात काय झालं, ते ठाऊक आहे. तेच सांगते.

समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई चालू होती म्हणे, तिकडचा कापूस अडून पडला, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. माझे सासरे गाड्या भरून अकोल्याला जात आणि येताना बैलांना नव्या घंटा, स्वतःला मखमली बंडी घेऊन येत. मला एकदा आरसा आणला. "पाहून घे सूनबाई, वेचून वेचून तोंड कसं काळं पडलं तुयं," म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. असा मनमोकळा माणूस. पण त्या भावानं त्यांनाही भुरळ घातली. ज्वारीची वावरं मोडून त्यांनी सगळीकडे कापूस पेरला. गावातल्या इतरांनीही तेच केलं.

वेचणाऱ्या बायांना आधी मजुरी म्हणून वेचलेल्या कापसातला वाटा मिळे. आता कापूस एवढा महाग झाल्यावर वाटा देणं मालकांना जड जाऊ लागलं. त्यांनी रोख पैसे सुरू केले. बायांनी ते घेतले. मग बाजारातून ज्वारीच नाहीशी झाली. हातात पैसा, चुलीवर तवा रिकामा.

या बायांची म्होरकी एक विधवा होती. सगळे तिला मावशी म्हणत. माहेर आठवून मी वावरात रडायची, तेव्हा तिनंच मला जवळ बसवून आपली अर्धी भाकर भरवली होती. एके सकाळी तिनं कापूस वेचायची कमरेची ओटी सोडली, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आता वाटा मिळाल्याबिगर बोंडाले हात लावनार नाई." एकेक करून सगळ्या बसल्या. मीही बसले.

सासरे आले. "तू काहून बसली वं?"

"मामाजी, मीबी वेचनारीच हावो."

 ते माझ्याकडे रोखून बघत माघारी फिरले. मला वाटलं, आता माहेरी धाडतील.

मालकांनी मूर्तिजापूरकडून गाड्या भरून दुसऱ्या बाया आणल्या. मावशीनं त्यांना पाणी दिलं, तुमच्याकडे ज्वारी मिळते का, म्हणून विचारलं. त्यांच्याही चुली रिकाम्याच होत्या. त्याही धुऱ्यावर बसल्या. इकडे बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला, आभाळ भरून येऊ लागलं. मग सासऱ्यांनी धोतर खोचलं आणि स्वतःच वेचायला लागले. अर्धा कापूस, अर्धा पालापाचोळा! बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुपारी कंबर धरून ते मावशीशेजारी येऊन टेकले.

"काय पायजे तुमाले?"

"पयल्यासारखा वाटा. अन् नाल्याकाठचं वावर ज्वारीले. सारे मिळून पेरू, सारे मिळून खाऊ."

"वावर माह्यं, अन् खानार सारे?"

"मंग? पेरनारबी सारेच."

सासऱ्यांनी धोतराला चिकटलेला पाला झटकला. म्हणाले, "पेरा मंग."

बाकीचे मालक चिडले. कित्येक दिवस आमच्याकडे कोणी हळदीकुंकवाला आलं नाही, सासऱ्यांना पारावर कोणी जागा देईना. पण वेचणाऱ्या बाया आमच्याच वावरात आधी येऊ लागल्या, तेव्हा एकेकानं निमूटपणे वाटा सुरू केला. नाल्याकाठची ज्वारी जमिनीतल्या एका मोठ्या पेवात भरली. ते पेव कुणा एकाचं नव्हतं.

ती दूरची लढाई संपली आणि कापूस मातीमोल झाला. अकोल्याचे व्यापारी दिसेनासे झाले. त्या उन्हाळ्यात पेव उघडलं. मावशी मापानं ज्वारी वाटत होती. रांगेत माझे सासरेही उभे. त्यांच्या टोपल्यात माप पडलं तसे ते म्हणाले, "मावशे, वावर माह्यं होतं, जराक जास्त टाक."

"पाटील, आमी खानारी तोंडं मोजली, वावरं नाई मोजली."

सासरे आधी वरमले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. टोपलं डोक्यावर घेऊन स्वतः घरी आले. सासूबाईंना म्हणाले, "पुरवून खा, आपलीबी तोंडं मोजली तिनं."

हे कायम टिकलं नाही. पुढे सरकारी मोजणीवाले साखळ्या घेऊन आले. प्रत्येक वावराला एकच नाव लागेल म्हणाले. नाल्याकाठचं वावर सासऱ्यांच्या नावे लागलं. ते होते तोवर तिथं ज्वारीच पिकली. ते गेल्यावर माझ्या दिरानं कापूस लावला आणि पेव बुजलं. मी भांडले, उपयोग झाला नाही. वेचणीचा वाटा मात्र मोडायची हिंमत आमच्या गावात पुन्हा कुणी केली नाही.

मावशी सासऱ्यांच्या आधीच गेली; शेवटच्या दुखण्यात ती आमच्याच ओसरीवर होती. सासरे रोज तिच्याजवळ बसून तिला पेज पाजत. ती घोट घेई आणि मीठ कमी म्हणून त्यांना रागावे.