दहा सुरुंग, नऊ आवाज

"दहाही उडाले," मी मॅनेजरसाहेबांना सांगून मोकळा झालो. सुरुंग लावणारे यल्लाप्पा मिस्त्री मात्र खाणीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. "नऊच उडाले. एक आत बसलाय. उद्यापातूर कुणी उतरायचं न्हाय."

नळदुर्गजवळची ही दगडखाण. निजामाच्या अमलात कंपनीनं उघड्या माळावर गावच वसवलं होतं. आता लोक त्या काळ्या दगडाच्या चाळी, दवाखान्याच्या कमानी, पाण्यानं भरलेली खाण बघायला येतात. बघाच, देखणंच आहे ते! पण मी तिथं ओव्हरसियर होतो तेव्हा कमानींना दगड पुरत नव्हता, अन् निजामाचे सुभेदारसाहेब पाहणीला यायचे होते. पाट्या घेऊन तीस बाया खाली उतरायला खोळंबल्या होत्या.

"क्या मिस्त्री! दो एकदम उडे होंगे," मॅनेजरसाहेब तडकले.

"न्हाय साहेब. बत्त्या म्या कापल्यात."

बत्ती म्हणजे सुरुंगाची वात. मिस्त्री प्रत्येक वात आधीच्या वातीपेक्षा चार बोटं लांब कापायचे, म्हणजे सुरुंग एकामागं एक उडतात. "सहाव्यानंतर लई वेळ गप होतं. सातवा न्हाय उडला."

"नहीं मानते तो क्वार्टर खाली करो!"

कंपनीच्या गावात नोकरी गेली की घरही जायचं. मिस्त्रींची सून तर दिवस भरलेली. तरी ते म्हणाले, "करतो की. पण बायांना उतरू देत न्हाय."

समोरच्या कड्यावर आवाज घुमतो, हे मला ठाऊक होतं. मी मोजलेला दहावा बार होता की नुसता घुमारा? छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"साहेब, मी चुकलो असेन," मी कसंबसं बोललो. साहेब पाय आपटत निघून गेले. काम थांबलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एकटेच उतरले. सातव्या भोकात वात अर्ध्यावर विझलेली, खाली दारू जशीच्या तशी! तिथंच बाया दगड सुटा करायला पहार घालणार होत्या. मिस्त्रींनी पाणी ओतून ओतून ती निकामी केली. काय माणूस होता!

साहेबांनी भोक वाकून पाहिलं. क्वार्टरचं नावही काढलं नाही. आठवड्याभरात त्यांनी इंग्रजीत नियम काढला: मिस्त्री सांगेल तोच आकडा खरा. मिस्त्रींना मी तो वाचून दाखवला.

"हे तर आमी आज्यापासनं करतो," ते म्हणाले.

कंपनीला ते कळायला मात्र एक विझलेली वात लागली.